दवाखान्यातली सिस्टर: आतल्या खोलीआधीचं अर्धं काम

संध्याकाळी सातच्या सुमाराला इंदूरच्या राजेंद्रनगर, सुदामानगर, लोकमान्यनगर, कुठल्याही भागातल्या दवाखान्यात डोकावून बघा. दाराशी चपलांचा ढीग, बाकांवर दहा-बारा माणसं आणि डॉक्टरांच्या खोलीबाहेर एक टेबल. त्या टेबलाशी उभ्या असलेल्या बाई एकाचं वजन करत असतात, दुसऱ्याच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधत असतात आणि मधेच मागे वळून ‘आजी, उपाशीपोटी आलात ना?’ असं विचारत असतात. सगळे त्यांना सिस्टर म्हणतात. (हे काम एके काळी ख्रिस्ती जोगिणी करायच्या, त्यांच्याकडून हे नाव आलं. पुरुष नर्स आला की त्याला ‘ब्रदर’ म्हणून लोकांनी प्रश्न सोडवलाय.)

गेली काही वर्षं मध्य प्रदेशातल्या नर्सिंग कॉलेजांच्या बातम्या येताहेत. कागदावर कॉलेज, प्रत्यक्षात ना धड इमारत, ना शिक्षक, ना शिकायला रुग्णालय, अशा तक्रारी उच्च न्यायालयात गेल्या. न्यायालयाने सीबीआयला तपास सांगितला. मे २०२४ मध्ये तर तपास करणाऱ्यांपैकीच काही जण लाच घेतल्याच्या आरोपावरून पकडले गेले. हे सगळं वाचून घरोघरी एक प्रश्न निघतो: आपल्या दवाखान्यातल्या सिस्टर खरोखर शिकलेल्या आहेत ना? प्रश्न रास्त आहे. पण त्या काय करतात हेच ठाऊक नसेल तर शिकल्या आहेत की नाही हे ओळखणार कसं? बहुतेकांच्या लेखी त्यांचं काम म्हणजे इंजेक्शन देणं. तो त्या कामाचा एक तुकडा झाला.

## कोण नर्स, कोण मदतनीस

नर्स होण्याचे आपल्याकडे मुख्य रस्ते तीन. एएनएम हा २ वर्षांचा अभ्यासक्रम. त्यात बाळंतपण, माता-बालकांची काळजी आणि लसीकरण यांवर भर असतो. जीएनएम हा ३ वर्षांचा डिप्लोमा. बीएस्सी नर्सिंग ही ४ वर्षांची पदवी. कुठल्याही रस्त्याने आलं तरी शेवटी राज्याच्या परिषदेत नाव नोंदवावं लागतं. आपल्याकडे ही परिषद भोपाळला आहे, नर्सेस रजिस्ट्रेशन कौन्सिल. तिचा नोंदणी क्रमांक मिळाला की ती व्यक्ती नर्स. गाडी चालवता येणं आणि लायसन्स असणं यांत जो फरक, तोच इथे.

छोट्या दवाखान्यातल्या टेबलाशी बसलेली व्यक्ती अनेकदा नोंदणी झालेली नर्स नसते. बारावीपर्यंत शिकलेली, डॉक्टरांनी हाताशी धरून तयार केलेली मदतनीस असते. पूर्वी तिच्या जागी कंपाउंडर असायचे. यात कमी लेखण्यासारखं काही नाही, पण दोघींच्या कामाची हद्द वेगळी आहे आणि ती पेशंटला माहीत असायला हवी. या लेखात सिस्टर म्हणजे नोंदणी झालेली नर्स.

## सराफ्यातला काटा

रात्रीचा सराफा आपल्याला खाण्यासाठी माहीत, पण दिवसा तिथे सोनं तोललं जातं. काटाच एक गुंज खोटा असेल तर पुढचा सगळा हिशेब, भाव, घडणावळ, कर, कितीही बरोबर केला तरी पैसे चुकणारच. दवाखान्यात तो काटा सिस्टरच्या हातात असतो. डॉक्टर पाच-सात मिनिटांत जे ठरवतात, ते बाहेरच्या टेबलावर लिहिलेल्या आकड्यांवरून: वजन, ताप, नाडी, बीपी, शुगर, रक्तातला ऑक्सिजन. आकडा चुकला तर गोळी चुकते.

बीपीचंच घ्या, कारण सगळ्यात जास्त गडबड तिथे होते. जिना चढून, स्कूटर लावून, नंबरासाठी थोडी हुज्जत घालून माणूस खुर्चीत बसतो आणि लगेच हात पुढे करतो. अशा वेळी ‘पाच मिनिटं शांत बसा’ म्हणणारी सिस्टर वेळकाढूपणा करत नसते. नियमच तसा आहे. पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर, पायावर पाय नाही, लघवीला लागली असेल तर आधी जाऊन यायचं. आधीच्या अर्ध्या तासात चहा, कॉफी, तंबाखू, बिडी नको. हात टेबलावर टेकवून हृदयाच्या उंचीवर हवा. तो १० सेंटिमीटर खाली लोंबत राहिला तर आकडा साधारण ७ ते ८ ने वर जातो. रक्ताच्या स्तंभाचं वजन त्यात मिसळतं, दुसरं काही नाही. मोजत असताना बोलत राहिलं तर वरचा आकडा १० च्या आसपास सहज वाढतो. आणि आपल्याकडे बीपी मोजून घेताना गप्प बसणारा माणूस विरळाच!

पट्ट्याचा आकार ही त्याहून मोठी भानगड. पट्ट्याच्या आतला रबरी फुगा दंडाच्या घेराचा सुमारे ८० टक्के भाग वेढणारा हवा. जाड दंडाला नेहमीचा छोटा पट्टा आवळला की बीपी खोटंच जास्त येतं आणि माणसाला नको असलेली गोळी सुरू होते. सडपातळ आजींना मोठा पट्टा लावला की उलटं: आहे ते बीपीही कमी दिसतं. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या घडीपासून दोन-तीन सेंटिमीटर वर बांधायचा. स्वेटरवरून किंवा बाही गुंडाळून घेतलेलं माप म्हणजे शिंप्याने शालीवरून घेतलेलं ब्लाउजचं माप. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हातावर बीपी घेत नाहीत, डायलिसिसची नस तयार केलेल्या हातावर तर नाहीच. हे पेशंटने आपणहून सांगावं, विचारायची वाट बघू नये.

पहिल्या भेटीत दोन्ही हातांवर मोजतात आणि ज्या हाताचा आकडा जास्त, तो हात पुढे कायम धरतात. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजणं हेही नीट पद्धतीत बसतं. दवाखान्यात १४०/९० किंवा त्याहून जास्त आलं तर त्याला उच्च रक्तदाब म्हणतात, पण एका संध्याकाळच्या एका आकड्यावरून सहसा नाही. घरी मोजलेल्याची रेघ जरा खाली असते, १३५/८५. पांढरा कोट दिसला की बीपी चढणारी माणसं असतात, म्हणून हा फरक. वयस्क माणसांना ‘आता उभं राहा’ म्हणून पुन्हा मोजतात, तेही उगाच नाही. उभं राहिल्यापासून तीन मिनिटांत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने पडला तर पहाटे बाथरूमला जाताना चक्कर येऊन पडण्याचा धोका असतो. कमरेचं हाड मोडण्याआधी ही गोष्ट कळलेली बरी.

भारतात २०१७ मध्ये उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, त्याच्या पहिल्या पाच राज्यांत मध्य प्रदेश होतं. त्याची मांडणीच अशी की बीपी मोजणं, नोंद ठेवणं आणि न आलेल्या पेशंटचा माग काढणं नर्स व आरोग्य कर्मचाऱ्यांकडे, आणि औषध ठरलेल्या पायऱ्यांनी डॉक्टरांकडे. यामागचं कारण साधं आहे. बीपीचा पेशंट बिघडतो तो बहुधा गोळी चुकीची असल्याने नाही, तिसऱ्या महिन्यात गोळी बंद केल्याने.

## ‘मशीन सगळं करतं की!’

बटण दाबलं की आकडा येतो, मग त्यात शिकण्यासारखं काय, असं वाटणं साहजिक आहे. पण मशीन आकडा दाखवतं; तो खरा कधी मानायचा नाही हे त्याला कळत नाही. हृदयाचे ठोके अनियमित असतील तर डिजिटल बीपी मशीन हमखास गोंधळतं. म्हणून शिकलेली सिस्टर पट्टा बांधण्याआधी मनगटावर बोटं ठेवते. नाडी अडखळत असेल तर ती हाताने फुगवायचं जुनं यंत्र आणि स्टेथोस्कोप घेते, एकापेक्षा जास्त वेळा मोजते आणि डॉक्टरांच्या कानावर घालते. असे अनियमित ठोके पुढे लकव्याला कारण होऊ शकतात, आणि पुष्कळदा ते पहिल्यांदा सापडतात ते याच टेबलावर.

शुगरच्या छोट्या मशीनचंही तसंच. सकाळी पोहे-जलेबी खाऊन, बोटं रुमालाला पुसून कोणी आला, तर मशीन रक्तातली साखर मोजेल की बोटावरच्या पाकातली? दोन्ही. म्हणून हात साबणाने धुऊन कोरडे करायचे. सुई बोटाच्या टोकावर मधोमध न टोचता कडेला टोचायची, तिथे दुखतं कमी. हात धुतलेले नसतील तर पहिला थेंब पुसून दुसरा घ्यायचा. बोट लिंबासारखं पिळायचं नाही, त्याने रक्तात पेशींच्या आजूबाजूचं पाणी मिसळतं. पट्ट्यांच्या डबीचं झाकण उघडं राहिलं तर पावसाळ्यात पट्ट्या सर्दावतात आणि आकडे भरकटतात. जेवणानंतरची शुगर म्हणजे पहिला घास घेतल्यापासून २ तास. जेवून हात धुतल्यापासून नव्हे. निम्मे लोक इथेच चुकतात, आणि सिस्टर ‘किती वाजता जेवायला बसलात?’ असं विचारते ते त्यासाठी.

## एक सुई, पाच खात्र्या

इंजेक्शन देण्याआधी नर्सला पाच गोष्टी पडताळायला शिकवतात: माणूस तोच, औषध तेच, मात्रा तीच, मार्ग तोच, वेळ तीच. सहावी गोष्ट म्हणजे दिल्यावर लगेच लिहिणं. ओळखीची सिस्टरसुद्धा ‘तुमचं पूर्ण नाव?’ असं विचारते तेव्हा राग मानू नका. एका संध्याकाळी दवाखान्यात दोन जोशी काकू असणं इंदुरात अजिबात अवघड नाही.

‘मार्ग’ म्हणजे औषध कुठल्या थरात जायचं. स्नायूत जायचं असेल तर सुई सरळ ९० अंशांत, त्वचेखालच्या चरबीत तिरकी, बहुधा ४५ अंशांत, आणि त्वचेच्याच थरात जायचं असेल तर जवळपास आडवी, १०-१५ अंशांत. दंडाच्या स्नायूत साधारण १ मिली औषध मावतं, फार तर २. म्हणून दुखण्यावरचं ३ मिलीचं इंजेक्शन ‘दंडातच द्या’ म्हणून हट्ट धरू नये. नितंबात द्यायचं तर वरच्या, बाहेरच्या चतकोरात. आत-खाली सरकलं तर पायाची मोठी नस दुखावून पाऊल लुळं पडू शकतं. चालायला न लागलेल्या बाळाला मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या भागात देतात, कारण त्याच्या नितंबाचा स्नायू अजून भरलेला नसतो.

दिल्यानंतरचा अर्धा तास बसवून ठेवतात, त्यावर सर्वांत जास्त कुरकुर होते. क्वचित एखाद्याच्या शरीराची औषधाशी किंवा लसीशी जोरदार ॲलर्जी होते: अंगावर गांधी, ओठ सुजणं, श्वास अडणं, बीपी कोसळणं. हे बहुधा पहिल्या काही मिनिटांतच होतं. त्यावर जीव वाचवणारं औषध एकच, ॲड्रेनॅलिन. मोठ्या माणसाला एक हजारात एक या तीव्रतेचं ०.५ मिली, मांडीच्या बाहेरच्या स्नायूत, ताबडतोब; गरज पडली तर पाच मिनिटांनी पुन्हा. ॲव्हिल आणि स्टेरॉइडची इंजेक्शनं त्याची जागा घेऊ शकत नाहीत. तुम्ही बसवर निघून गेलात तर भंवरकुआँच्या सिग्नलवर हे कोण देणार?

## लाल टोपण, नारिंगी टोपण

सिस्टरकडून हटकून शिकून घ्यावी अशी एकच गोष्ट निवडायची झाली तर इन्सुलिनची सिरिंज निवडावी. आपल्याकडे दोन तीव्रतांची इन्सुलिनं मिळतात: १ मिलीत ४० युनिट आणि १ मिलीत १०० युनिट. ४० च्या सिरिंजचं टोपण लाल, १०० च्याचं नारिंगी. साध्या बाटल्या पुष्कळदा ४० च्या असतात; पेनमधलं इन्सुलिन १०० चं.

आता समजा, पेन बिघडलं म्हणून मुलाने त्यातलं इन्सुलिन घरात पडलेल्या लाल टोपणाच्या सिरिंजने काढलं आणि नेहमीप्रमाणे २० च्या खुणेपर्यंत भरलं. ती खूण म्हणजे अर्धा मिली. १०० च्या इन्सुलिनच्या अर्ध्या मिलीत ५० युनिटं असतात. आजोबांना २० ऐवजी ५० युनिटं गेली, म्हणजे अडीचपट. घाम, थरथर, बरळणं आणि मग बेशुद्धी. उलट अदलाबदल झाली, ४० चं इन्सुलिन नारिंगी सिरिंजने, तर २० च्या खुणेला फक्त ८ युनिटं जातात आणि घरचे म्हणत बसतात की ‘इन्सुलिन लागूच पडत नाही’.

शुगर ७० च्या खाली गेली आणि माणूस शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं, वाढली नसेल तर पुन्हा तेवढीच. शुद्ध हरपलेली असेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट रुग्णालय. टोचायची जागा रोज थोडी सरकवायची. पोटावर एकाच ठिकाणी टोचून टोचून गुठळी होते, तिथे दुखत नाही म्हणून लोक नेमके तिथेच टोचतात, आणि त्या गुठळीतून इन्सुलिन कधी शोषलं जातं, कधी नाही. सिस्टर पोट चाचपून बघते ते हेच शोधायला.

## फ्रीजमधली लस

लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची असते. गरम होऊन ती बिघडते हे सगळ्यांना माहीत. गोठून बिघडते हे फारसं कोणी जाणत नाही. धनुर्वात-घटसर्पाची, हिपॅटायटिस बीची आणि बाळांची पेंटाव्हॅलंट लस एकदा गोठली की वितळूनही कामाची राहत नाही, फाटलेल्या दुधाचं पुन्हा दूध होत नाही तसं. त्यामुळे बर्फाच्या कप्प्याला चिकटवून ठेवणं हा सुरक्षितपणा नव्हे. दारातही नाही, कारण दार उघडलं की पहिला झोत तिथे लागतो. दिवसातून दोनदा तापमान बघून वहीत लिहिणं हे सिस्टरचं काम. वीज गेली तर फ्रीज न उघडणं हेही. लसीच्या फ्रीजमध्ये पाण्याच्या बाटल्या दिसल्या तर हरकत नाही, त्या गारवा धरून ठेवतात. कोणाचा डबा दिसला तर मात्र हरकत घ्यावी.

सरकारी लसीच्या बाटलीवर एक वर्तुळ आणि त्यात एक चौकोन छापलेला असतो. चौकोन वर्तुळापेक्षा फिका असेल तोवर लस चालते; दोन्ही एका रंगाचे झाले की फेकायची. हे पाहायला डॉक्टर व्हावं लागत नाही, आईनेही बघावं. टोचून झाल्यावर सिस्टरने आईला चार गोष्टी सांगायच्या असतात: कोणती लस दिली आणि कशासाठी, पुढची कधी, ताप किंवा सूज आली तर काय करायचं, आणि कार्ड जपून ठेवून पुढच्या वेळी आणायचं. चारपैकी एक राहिली तर विचारून घ्या.

## ‘सिस्टर, एक बोतल चढा दो’

माळव्यात अशक्तपणावरचा सर्वमान्य उपाय म्हणजे सलाईनची बाटली. मराठी घरंही याला अपवाद नाहीत. दोन दिवस जुलाब झाले की आत्या स्वतःच हात पुढे करतात. तर हिशेब बघू. ५ टक्के ग्लुकोजच्या ५०० मिलीच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे साधारण पाच चमचे. तिच्यात १०० कॅलरीही नाहीत. एक प्लेट पोहे तिच्या कितीतरी पुढे जातात, आणि शेव वेगळी.

ज्याला उलट्यांमुळे पाणीही टिकत नाही, जो गळून पडलाय, त्याला सलाईन हवंच. बाकीच्यांना शिरेत सुई घालून फायद्यापेक्षा धोकाच जास्त: शीर सुजते, जंतू आत जायला वाट मिळते, हृदय किंवा किडनी कमजोर असेल तर जास्तीचं पाणी फुप्फुसात साठून दम लागतो. सिस्टर नाही म्हणते तेव्हा कंजुषी करत नसते. खरं तर ‘हो’ म्हणणं दवाखान्याच्या गल्ल्याला जास्त सोयीचं आहे, आणि काही ठिकाणी त्यामुळेच म्हटलं जातं.

त्याऐवजी ओआरएस. इथेही एक चूक ठरलेली: अर्धं पाकीट अर्ध्या ग्लासात. मोठं पाकीट पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एकदमच घालायचं आणि २४ तासांत संपवायचं, उरलं तर ओतून द्यायचं. घट्ट केलं तर जुलाब वाढतात, कारण आतडं उलट पाणी ओढून घेतं. मीठ लावलेल्या काकडीला सुटतं तसं. टपरीवर मिळणारी गोड पेयं, नावात काहीही असलं तरी, ओआरएस नाहीत.

## आमचा नंबर आधी होता

यावरून दवाखान्यात जितकी भांडणं होतात तितकी बिलावरूनही होत नसतील. नंबर हा सोयीचा भाग, पण कोणाला थांबवता येत नाही हे बघणं सिस्टरचं कर्तव्य. छातीत दाब आणि घाम, बोलताना वाक्य तुटावं इतका दम, एका बाजूचं तोंड वाकडं किंवा हात गळालेला, बोलणं अडखळणारं, मलूल पडून दूध न पिणारं बाळ: हे आत आधी जातात. छातीत दुखणाऱ्याचा ईसीजी १० मिनिटांत व्हायला हवा. लकव्यातली गाठ विरघळवणारं औषध पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, आणि एमवाय किंवा दुसऱ्या मोठ्या रुग्णालयात पोचून स्कॅन होईपर्यंतचा वेळ त्यातूनच वजा होतो. म्हणून अशा पेशंटला सिस्टर दवाखान्यात न थांबवता गाडीत बसवायला लावते, कधी डॉक्टरांनी पूर्ण तपासण्याआधीच.

पेशंटने यात मदत करायची ती एवढीच की टेबलाशी पोचल्यावर ‘डॉक्टरांना भेटायचंय’ म्हणण्याऐवजी काय होतंय ते सांगायचं. ‘ॲसिडिटी आहे’ हे तुमचं निदान झालं. ‘सकाळपासून छातीत जड वाटतंय आणि डावा हात दुखतोय’ ही माहिती.

आणखी एक काम, ज्याची चर्चा होत नाही. पुरुष डॉक्टर स्त्री-पेशंटला तपासत असताना खोलीत स्त्री कर्मचारी हजर असायला हवी. सिस्टर पडद्याशी उभी असते ती यासाठी. ती दिसली नाही तर ‘सिस्टरना बोलवा’ म्हणायला संकोच करू नये.

## मग औषधही त्यांनीच का लिहून देऊ नये?

ब्रिटनमध्ये मुलाकडे जाऊन आलेले काका-काकू हा प्रश्न हमखास विचारतात. तिथे फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात लस, गर्भाशयमुखाची तपासणी, दमा-मधुमेहाची ठरावीक फेरी, ड्रेसिंग यांसाठी थेट नर्सची वेळ मिळते. डॉक्टर भेटतच नाहीत. जादा प्रशिक्षण घेऊन परवाना मिळवलेल्या नर्सना तिथे २००६ पासून आपल्या विषयातली जवळपास सगळी औषधं स्वतः लिहिता येतात. पण तिथेही प्रत्येक नर्सला हा अधिकार नाही, आणि रक्त काढणारी व्यक्ती बऱ्याचदा नर्स नसून आरोग्य-सहायक असते.

आपल्याकडे दवाखान्यातली नर्स डॉक्टरांच्या लेखी सूचनेवरून औषध देते, स्वतः लिहून देत नाही. सरकारी कार्यक्रमांत ठरावीक औषधं ठरावीक नियमांनी देण्याची मुभा आहे. गावातल्या आरोग्य मंदिरात (सरकारी आरोग्य केंद्रात) ६ महिन्यांचं जादा प्रशिक्षण घेतलेले सामुदायिक आरोग्य अधिकारी, जे पुष्कळदा नर्सच असतात, ते याच धर्तीवर काम करतात. त्यामुळे फोनवर ‘सिस्टर, खोकल्याचं काहीतरी सांगा’ म्हटल्यावर ‘डॉक्टरांना विचारून सांगते’ असं उत्तर आलं तर ते बरोबर उत्तर आहे. रिपोर्टचंही तसंच. आणि शेजारच्या वहिनींचा रिपोर्ट काय आला, हे तर तिने तुम्हाला कधीच सांगू नये.

## टोचलेल्या सुईचं पुढे काय होतं

कचरा वेगळा करण्यात इंदूरला कोणी शिकवायची गरज नाही, पण दवाखान्याचे डबे घंटागाडीच्या डब्यांहून निराळे. २०१६ च्या नियमांप्रमाणे रक्ताळलेला कापूस-पट्टी पिवळ्यात, सिरिंज आणि सलाईनच्या नळ्या लालमध्ये, काचेच्या बाटल्या निळ्यात, आणि सुया न भोसकणाऱ्या पांढऱ्या डब्यात. वापरलेल्या सुईला टोपण पुन्हा लावायचं नाही. बोटात सुई घुसते ती बहुधा हे करतानाच. पेशंटला हिपॅटायटिस बी असेल आणि नर्सने लस घेतलेली नसेल तर अशा एका टोचणीतून लागण होण्याची शक्यता ३० टक्क्यांपर्यंत जाते. एचआयव्हीची साधारण ०.३ टक्के. टोचलंच तर जागा साबण-पाण्याने धुवायची, पिळायची नाही, चोखायची तर मुळीच नाही. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध शक्यतो २ तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांत सुरू करून २८ दिवस घ्यावं लागतं.

घरी इन्सुलिन घेणाऱ्यांनी सुया घरच्या कचऱ्यात सुट्या टाकू नयेत. पहाटे तो कचरा कोणीतरी हाताने वेगळा करतं. जाड प्लास्टिकच्या बरणीत साठवून, झाकण घट्ट लावून दवाखान्यात विचारावं. पुष्कळ ठिकाणी सिस्टर ती ठेवून घेतात.

## विचारायचं कसं

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. समोरच्या बाई नर्स आहेत का, हे विचारणं उद्धटपणा नाही, पण सुई हातात घेतल्यावर विचारू नये. आधी, सहज: ‘सिस्टर, तुमचं जीएनएम कुठून झालं?’ नोंदणी झालेल्या नर्सला या प्रश्नाचा राग येत नाही, उलट ती कॉलेज, वर्ष, सगळं सांगते. नोंदणीचं प्रमाणपत्र दवाखान्यात असायला हवं. ते दाखवा म्हणता येतं. आणि कॉलेज बातम्यांत आलेलं निघालं म्हणून ती व्यक्ती निकामी ठरत नाही. त्या गोंधळात परीक्षा रखडून वर्षं गमावलेली पुष्कळ मुलं प्रामाणिकपणे शिकत होती.

ती मदतनीस असेल तर वजन, उंची, ताप, फाइल, नंबर, आणि नीट शिकवलेलं असेल तर डिजिटल मशीनवरचं बीपी, हे तिने करायला काही हरकत नाही. शिरेतलं इंजेक्शन, सलाईन, लस, टाके काढणं, जखमेत खोलवर ड्रेसिंग, हे नाही. अशा वेळी ‘हे डॉक्टरांनी दिलं तर बरं’ एवढं म्हणावं. ॲम्प्यूल फोडण्याआधी नाव आणि तारीख दाखवायला सांगावं, सिरिंजचं पाकीट समोर फाडायला सांगावं. चांगली सिस्टर हे न सांगता करते. डाव्या हातात ॲम्प्यूल धरून ती तुमच्या डोळ्यांसमोर आणते, तेव्हा बहुतेक माणसं नजर फिरवतात. त्या वेळी वाचा.